अ‍ॅल्युमिनियमच्या भावात जस्त, आणि वर "थोडं घासून घ्या"

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : .२२ रायफलसाठी घेतलेला ट्रिगर गार्ड सदोष आणि धोकादायक असल्याबद्दल, तसेच परतावा नाकारल्याबद्दल

महोदय,

मी नाशिकला सिडकोत राहतो आणि अंबड एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये बावीस वर्षं काम करतो. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण तुमच्या कस्टमर केअरवरच्या मुलाने मला "सर, तुम्हाला मेटलमधलं कळत नसेल" असं ऐकवलं होतं. मला दुसरं फारसं काही कळत नाही, पण मेटलमधलं थोडं कळतं.

माझ्याकडे .२२ ची चेक बनावटीची जुनी बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीआधी हाताने बोल्ट ओढून बंद करायची) रायफल आहे. ती वडिलांची. ते गेल्यावर वारस म्हणून रीतसर परवाना माझ्या नावावर झाला. रविवारी सकाळी रेंजवर जाऊन ५० मीटरवर चाळीस-पन्नास राऊंड मारायचे, एवढाच माझा शौक. मेडल वगैरे आमच्या नशिबात नाही. तिचा मूळचा ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची संरक्षक कमान, ही नुसती वाकवलेली पोलादी पट्टी. गेल्या वर्षी नाशिकरोड स्टेशनच्या जिन्यावर रायफलची पेटी हातातून निसटली आणि ती पट्टी आत दबली. तशी ती आधीपासूनच त्रास देत होती. पावसाळ्यात हाताच्या घामाने गंजायची, आणि पातळ असल्यामुळे स्क्रू आवळला की दबत जायची. स्क्रूचा ताण दर वेळी वेगळा पडला की दस्त्यात बॅरल-अ‍ॅक्शनची (नळी आणि बोल्टच्या यंत्रणेची) बैठक बदलते आणि टार्गेटवरचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, सरकतो. ५० मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, तिथे एवढंसं सरकणंही दिसतं. म्हणून म्हटलं, एकदाच चांगला जाड, मशीन केलेला गार्ड बसवून टाकू.

तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं : ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर कोरलेला, हार्ड अ‍ॅनोडाइज्ड, वजन फक्त ४२ ग्रॅम, कोणताही बदल न करता थेट बसतो. माझ्या रायफलचं मॉडेल यादीत होतं. ऑर्डर घेताना तुम्ही परवान्याची प्रत मागितली, मी पाठवली. ते बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. ३,८५० रुपये आणि कुरिअरचे १८० असे एकूण ४,०३० रुपये भरले.

पार्सल आलं. खोका उघडून पीस हातात घेतला आणि हाताला लगेच जाणवलं की हे ४२ ग्रॅम नाही. अ‍ॅल्युमिनियमचे जॉब (मशीनवर बनणारे पीस) रोज हाताळणाऱ्याला काटा लागत नाही. मग चष्मा लावून कडा पाहिल्या. कमानीच्या आतल्या बाजूने केसाएवढी एक रेघ संबंध फिरलेली, आणि वरच्या प्लेटखाली दोन गोल ठसे. आमच्याकडे नवीन लागलेला अ‍ॅप्रेंटिसही सांगेल की ती रेघ डायची, म्हणजे ओतायच्या साच्याची, पार्टिंग लाईन आहे आणि ते ठसे साच्यातून पीस ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिनचे आहेत. ठोकळ्यातून कोरलेल्या जॉबवर या खुणा येतीलच कशा? वरचा काळा रंगही अ‍ॅनोडाइजिंगचा, म्हणजे धातूच्याच पृष्ठभागावर तयार होणाऱ्या कडक थराचा, नाही. स्क्रूच्या भोकापाशी नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला आणि खाली निळसर करडा धातू दिसला.

तरी म्हटलं, उगाच आरोप नको. सराफ बाजारात माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना गेलो. पीस भरला १०३ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य केला आणि पीस दोऱ्याने पाण्यात असा सोडला की तो तळाला किंवा काचेला कुठेही टेकणार नाही. काट्याने १५.५ ग्रॅम दाखवले. म्हणजे पिसाने १५.५ घनसेंटिमीटर पाणी बाजूला केलं, तेवढंच त्याचं आकारमान. १०३ ला १५.५ ने भागा. घनता येते ६.६. अ‍ॅल्युमिनियमची असते २.७. डायकास्टिंगला जो जस्ताचा मिश्रधातू वापरतात, त्याची ६.६ ते ६.७. सोन्यातली लबाडी पकडायला सोनार हीच युक्ती वापरतात. माझ्या मित्राने आकडा बघून एवढंच विचारलं, "कितीला पडलं?" मी किंमत सांगितली. तो हसला, आणि त्याने चहा मागवला.

गंमत अशी, की १५.५ ला २.७ ने गुणलं तर बरोबर ४२ ग्रॅम येतात. म्हणजे जाहिरातीतलं वजन तुम्ही हवेतून काढलेलं नाही. हा पीस कोणीतरी खरोखर अ‍ॅल्युमिनियममध्ये डिझाईन केला होता. मला पाठवला तो त्याचा सावत्र भाऊ.

इथपर्यंतच असतं तर मी दोन शिव्या हासडून गप्प बसलो असतो. पत्र लिहायचं खरं कारण पुढे आहे.

जुन्या पट्टीला वरची प्लेट नव्हती. तुमच्या गार्डला आहे, आणि ट्रिगरचं पातं त्या प्लेटमधल्या चिरेतून खाली येतं. माझ्या ट्रिगरचं पातं ६.२ मिलिमीटर जाड आहे. चीर मोजली, ७ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना ०.४ ची फट राहायला हवी. पण ती चीर दोन स्क्रूंच्या भोकांच्या मध्यरेषेवर नाहीच. ०.६ ने उजवीकडे सरकलेली आहे. ०.४ मधून ०.६ गेले की काय उरतं हे शाळकरी पोरही सांगेल. स्क्रू हाताने सैल बसवले तोवर पातं मोकळं हलत होतं. टॉर्क रेंचने २ न्यूटन-मीटरला आवळले आणि पातं चिरेच्या डाव्या भिंतीला घासायला लागलं.

मी घरीच तपासणी केली. मॅगझिन बाहेर, घरात एकही जिवंत काडतूस नाही, नळीचं तोंड वाळूच्या पोत्याकडे. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, वापरलेल्या काडतुसाची रिकामी केस घातली, कारण .२२ सारख्या रिमफायरमध्ये काडतूस पेटवणारी पिन केसच्या मधोमध नाही तर कडेवर आपटते. चेंबर रिकामा ठेवून सारखा ट्रिगर ओढला, तर काही रायफलींत ती पिन थेट चेंबरच्या काठाला ठोके देते. दर वेळी केस थोडी फिरवून, वीस वेळा बोल्ट ओढला, बंद केला, ट्रिगर दाबला, सोडला. वीसपैकी सात वेळा सोडलेला ट्रिगर पूर्ण जागेवर परत आलाच नाही. दीडेक मिलिमीटर अलीकडेच अडकून राहिला.

त्या सातपैकी दोन वेळा, पुढच्या फेरीसाठी मी बोल्ट बंद केला आणि टक् असा आवाज आला. पिन सुटली होती. माझा उजवा हात बोल्टच्या मुठीवर होता, डावा दस्त्याखाली. ट्रिगरजवळ बोट नव्हतं.

तुम्ही हे सामान विकता, तर याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगायला नको. तरी लिहितो, कारण तुमच्या कस्टमर केअरवरच्या मुलाला तो समजला नव्हता. ट्रिगर जागेवर परत आला नाही की सिअर, म्हणजे पिनला अडवून धरणारा खटका, तिला नीट धरत नाही, नुसता काठावर टेकतो, आणि बोल्ट बंद होताना बसणाऱ्या हादऱ्याने सुटतो. त्या वेळी चेंबरमध्ये केसऐवजी काडतूस असतं, तर गोळी गेली असती. .२२ लहान म्हणून कोणी हसू नये. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) ती गोळी सेकंदाला तीनशेहून जास्त मीटर जाते. जी वस्तू ट्रिगरला चुकून धक्का लागू नये म्हणून असते, तिच्यामुळेच रायफल आपणहून सुटत होती. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. तो नेमबाजी शिकला नाशिकमध्ये, त्यामुळे तेव्हापासून आमच्या रेंजवर बारा-तेरा वर्षांची पोरं पालकांचा हात धरून येऊ लागली आहेत. माझ्या शेजारच्या लेनमध्ये रविवारी तीच उभी असतात.

त्याच संध्याकाळी मी फोन केला. पंचवीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगा आला. त्याचं म्हणणं, "आमचे शंभर पीस गेलेत सर, तुमचीच पहिली कंप्लेंट आहे." मी म्हटलं, मग नव्व्याण्णव जणांना फोन लावा. त्यावर तो म्हणाला, "मेटल आहे सर, थोडं घासून घ्या, बसेल."

घासून घेणं मला अवघड नाही. घरात चार प्रकारच्या कानशी आहेत, दहा मिनिटांचं काम. पण तुमच्याच खोक्यातल्या कार्डावर छापलंय, "कोणताही बदल केल्यास वॉरंटी रद्द." म्हणजे घासलं तर वॉरंटी जाते आणि न घासलं तर पीस बसत नाही. तोही मुद्दा सोडा. ज्याच्या घरी बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर नाही, ज्याला सिअर म्हणजे काय ते माहीत नाही, अशा गिऱ्हाइकालाही तुम्ही हेच सांगणार का? त्याने स्क्रूड्रायव्हरने गार्ड बसवला, दोनदा ट्रिगर दाबून पाहिला, दोन्ही वेळा नेमका परत आला, की तो थेट रेंजवर जाणार.

मी फोटो, व्हर्निअरची मापं आणि वीस वेळांच्या तपासणीचा व्हिडिओ असं सगळं ईमेलने पाठवलं. पाच दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं : पिसावर फिटिंगच्या खुणा असल्यामुळे परतावा मंजूर करता येत नाही. आता बसवल्याशिवाय बसत नाही हे कळणार कसं, ते तुम्हीच सांगा. मेनरोडवरचा चपलेचा दुकानदारसुद्धा दोन पावलं चालून बघू देतो. त्यानंतर मी तुमच्या वेबसाइटवर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर, म्हणजे तुम्हालाच, ईमेल केला. त्याला आज चौदा दिवस झाले. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. पोच अजून आलेली नाही. खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव नाही, कुठल्या देशात बनलं तेही नाही. नुसता बारकोड आणि "प्रीमियम" हा शब्द.

मला पूर्ण ४,०३० रुपये परत हवे आहेत, कुरिअरच्या १८० सह. पीस परत न्यायचा खर्चही तुमचा. बदली पीस नको. त्याच साच्यातून निघालेला दुसरा घेऊन मी काय करू? पण पैशांच्या आधी एक गोष्ट करा. माझ्या मॉडेलसाठीची या गार्डची विक्री आजच्या आज थांबवा आणि ज्यांनी घेतलाय त्यांना "हा बसवू नका, बसवला असेल तर काढा" असं लेखी कळवा. परवान्याच्या प्रती घेतल्यात, म्हणजे प्रत्येकाचं नाव-पत्ता तुमच्याकडे आहे, सापडत नाहीत असं म्हणता येणार नाही. कळवल्याची एक प्रत मला पाठवा. आमच्याकडे एखादा जॉब असा निघाला तर तो लाल पेटीत जातो आणि त्या लॉटचे सगळे पीस पुन्हा मोजले जातात, मग तो साध्या पंपाचा बुश असला तरी.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवेन, आणि तरीही काही झालं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. तुमचं ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे, पण २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. सुट्ट्या माझ्या शिल्लक आहेत. गार्ड मी पिशवीत सीलबंद करून, सराफाच्या काट्यावरच्या वजनाच्या फोटोसह ठेवलाय. त्यावर कानस फिरवलेली नाही, फिरवणारही नाही.

सध्या रायफलवर जुनीच पट्टी आहे. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सरळ केली, थोडं तेल लावलं. ट्रिगर वीसपैकी वीस वेळा परत येतो.

आपला,
एक ग्राहक
सिडको, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, मापांचा तक्ता, फोटो, व्हिडिओची पेन ड्राईव्ह

ता. क. : परतावा दिल्यानंतर माझ्या परवान्याची प्रत तुमच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकावी आणि तसं लेखी कळवावं. जे लोक जस्ताला अ‍ॅल्युमिनियम म्हणून विकतात, त्यांच्याकडे माझा घरचा पत्ता आणि शस्त्राचा नंबर राहावा असं मला वाटत नाही.