मुलांच्या मनाचंही बघूया : बालमार्गदर्शन केंद्राचे जाहीर आवाहन

सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आलेत, सगळ्यांची धावपळ आहे, माझीही आहे. पण चाकरमानी गावात असतानाच, केंद्रात पूर्णवेळ समुपदेशक नेमण्यासाठी देणगीचं हे आवाहन हाती पडलं पाहिजे असं कार्यकारिणीत ठरलं, म्हणून घाईत लिहितो आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

केंद्र का सुरू झालं हे चिपळूणकरांना नव्याने सांगायला नको. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर चिखल आपण उपसला, पंचनामे झाले, दुकानं पुन्हा उघडली. मुलांचा पंचनामा मात्र कोणी केला नाही. पुढच्या पावसाळ्यात शाळांतल्या बाई सांगू लागल्या की आभाळ भरून आलं की काही मुलं दप्तर आवरून दाराशी जाऊन उभी राहतात. एक मुलगी रोज रात्री झोपायच्या आधी आपलं दप्तर, बूट आणि आजीच्या औषधांची पिशवी माळ्यावर चढवून ठेवायची आणि सकाळी उतरवायची. घरच्यांना वाटायचं, असते एकेकाला सवय. बाहेरचं काही असेल म्हणून गाऱ्हाणंही घालून झालं होतं.

तेव्हा कै. मोठ्या बाई पुढे झाल्या. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय, त्यामुळे नाव लिहायला नको. निवृत्तीनंतर बँकेत ठेवलेली रक्कम त्यांनी केंद्राच्या नावे केली आणि वर आम्हालाच दम भरला की हिशेब दर महिन्याला दाखवायचा. शेवटच्या आजारपणातही त्यांनी तो पाहिला. मार्कंडीच्या वहिनींनी माडीवरची खोली दिली, भाड्याचा विषय काढला की त्या चहा टाकायला आत जातात. खेर्डीच्या सुतारदादांनी मुलांच्या उंचीचं टेबल करून दिलं, कोपरे गोल घासून, आणि मजुरी विचारल्यावर रागावले. एमआयडीसीतल्या कामगार मंडळींनी एक दिवसाचा पगार जमा केला. महिला बचत गटाने कोकम आगळ विकून खुर्च्या आणल्या. मुंबईच्या डॉक्टर ताई तर महिन्यातून एका शनिवारी मांडवी एक्स्प्रेसने येतात, दुपारभर मुलं तपासतात आणि परतीची गाडी गाठतात. तिकिटाचे पैसेसुद्धा घेत नाहीत. या सगळ्यांच्या जिवावर आपण इथवर आलो, आणि याचा आम्हाला अभिमान आहे.

पण महिन्यातून एक शनिवार आता पुरत नाही. पुराची भीती घेऊन येणारी मुलं कमी झाली, दुसरीच वाढली. दहावीच्या धास्तीने जेवण सोडलेली, मोबाइल काढून घेतला म्हणून घर डोक्यावर घेणारी, हाताच्या बाह्या उन्हाळ्यातही खाली ओढून बसणारी. काही मुलं तर केवळ वाचता येत नाही म्हणून ‘ढ’ ठरलेली असतात. त्यांना अध्ययन अक्षमता असू शकते, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेची सवलतही आहे, पण तपासणी आणि प्रमाणपत्राशिवाय ती मिळत नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या 2015-16 च्या पाहणीत 13 ते 17 वयोगटातल्या सुमारे 7 टक्के मुलांना मानसिक आजार आढळले होते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार. आपल्या तालुक्यातले वर्ग मोजा.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 पासूनचं आहे, मोठा आधार आहे. पण ते सुमारे 90 किलोमीटरवर, महामार्गाची अवस्था आपण जाणताच, आणि ‘रत्नागिरीला न्या’ म्हटलं की घरचे उठूनच जातात. पोफळी-शिरगावच्या आईने रोजंदारी बुडवून, दोन एसट्या बदलून पोराला किती वेळा न्यायचं?

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. आपल्या वाड्यावाड्यांतल्या शाळांचे पट बघा. त्या जोडून घेणार कोणाशी? आपल्याकडे पूर्णवेळ माणूस असेल तर आपल्याशी. या आवाहनाचं कारण हेच आहे.

थोडं स्पष्ट लिहितो. मागच्या आवाहनाला गावच्या सगळ्या ग्रुपवर अंगठे आणि जोडलेले हात भरपूर आले. देणगीदार मात्र तेच ते, मोजके. सभेला खुर्च्या रिकाम्या होत्या. ‘आमच्या घरात तसलं काही नाही’ असं ज्यांनी पावतीपुस्तक परत करताना सांगितलं, त्यांच्यापैकीही काही जण नंतर मागच्या जिन्याने आले. आम्ही दार उघडलंच, पुढेही उघडू. पण वाईट वाटलं, ते लिहून टाकलं.

आता खर्च. पूर्णवेळ समुपदेशकाचं मानधन दरमहा 25,000 रुपये, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या विशेष शिक्षिकेचं 10,000, बुद्ध्यांक व अध्ययन अक्षमतेच्या चाचण्यांचे संच आणि लांबच्या पालकांचं गाडीभाडं मिळून वर्षाला 80,000. एकूण वर्षाचे 5 लाख. कोणी एका महिन्याचं मानधन उचलावं, कोणी दरमहा 500 द्यावेत, मुंबई-पुण्याच्या मंडळांनी वर्गणीतला वाटा काढावा. रक्कम चेकने किंवा ऑनलाइन, खाते क्रमांक व क्यूआर कोड केंद्राच्या फलकावर; रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. अनंत चतुर्दशीपर्यंत खोली रोज संध्याकाळी 5 ते 7 उघडी. हिशेब कोणीही येऊन पाहावा, मोठ्या बाईंची शिस्त मोडलेली नाही. जुनी खेळणी व कपडे कृपया आणू नयेत, ठेवायला जागा नाही. मुलांची नावं कोणालाही सांगितली जात नाहीत, देणगीदारांनाही नाही, तेव्हा विचारू नये.

आणि कोणाच्या घरी आजच अडचण असेल तर शनिवारची वाट पाहू नका. सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनवरून मानसिक आरोग्याबद्दल सल्ला देणारी मोफत सेवा 14416 वर चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने