पारा रोज छापता, मग हवेतल्या ओलाव्यानं काय घोडं मारलंय?

माननीय संपादक,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात उन्हाळ्यात पाळीव प्राण्यांची काळजी म्हणून अर्धं पान आलं होतं. कुत्रा, मांजर, पोपट सगळ्यांचं नीट लिहिलं होतं आणि शेवटी एका ओळीत, इतर प्राण्यांना कूलरसमोर ठेवा, अंगावर पाणी शिंपडा, असं उरकून टाकलं. आमच्याकडे त्या 'इतर' मध्ये साप आहे. हसू नका. त्या एका ओळीसाठीच हे पत्र लिहून राहिली आहे.

साप माझा नाही, पोट्ट्याचा. कॉर्न स्नेक म्हणतात त्याला, बिनविषारी, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला म्हणजे फ्लोरिडा, जॉर्जिया तिकडचा, केशरी अंगावर लाल डाग आणि पोटावर मक्याच्या दाण्यासारखी काळीपांढरी नक्षी, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव कणीस. पोरगा नोकरीला पुण्याला गेला आणि कणीस माझ्या गळ्यात पडलं, अगदी खरंखुरं गळ्यात. (आपल्याकडचा नाग असो की धामण, घरी ठेवता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हे परदेशी आहे, बिल फाइलमध्ये आहे, तेव्हा उगाच कोणी वनखात्याला फोन लावू नका बाप्पा.)

जाताना पोरगा भिंतीवर कागद चिकटवून गेला, पेटीत ओलावा ४० ते ६० टक्के, कात टाकायच्या वेळी ६५-७०. पेटीसोबत एक गोल काट्याचं मीटर आलं होतं, ते कायम ५० दाखवायचं. मी निवांत. माझ्याच गच्चीवर सकाळी घातलेल्या कुरडया संध्याकाळपर्यंत कडक वाळून राहिल्या होत्या, तळहाताला भेगा पडून राहिल्या होत्या, आणि आत मागच्या खोलीत मात्र म्हणे ५० टक्के. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती, पण मशीन म्हटलं की आपण डोकं बाजूला ठेवतो.

मग कणसाचे डोळे निळसर दुधी झाले, खाणं बंद, चार-पाच दिवसांनी डोळे परत स्वच्छ झाले आणि कात निघायला लागली तर चिंध्या चिंध्या. माझ्या सासूबाईंचं बालपण शेतात गेलं, त्या म्हणे कात ही मोज्यासारखी उलटी, तोंडापासून शेपटीपर्यंत सलग निघाली पाहिजे, "ही काऊन अशी, ही तर कांद्याची सालं आहेत." शेपटीच्या टोकाला एक कडं अडकून बसलं आणि एका डोळ्यावरचा पापुद्रा पण. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तो दर वेळी कातीसोबत निघावा लागतो. आणि शेपटीवरचं कडं वाळून आवळलं की रक्त थांबतं, टोक काळं पडून गळून जातं. मी तर चिमटा घेऊनच बसली होती, व्हिडिओ कॉलवर पोरगा असा ओरडला की चिमटा हातातून पडला. शेवटी झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात दोन बोटं कोमट पाणी आणि ओला नॅपकिन टाकून त्याला अर्धा तास बसवलं, ते स्वतःच नॅपकिनमधून घासत गेलं, दोन दिवसांत कडं सुटलं. डोळ्याला हात लावला नाही. तो डॉक्टरांनी बघितला, आणि तो डॉक्टर शोधायला तीन दिवस लागले कारण साप म्हटलं की समोरचा फोन ठेवून देतो.

त्यानंतर मीटर तपासायची ट्रिक कळली, ती सगळ्यांनी करून बघा, साप नसला तरी. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्यायचं, दोन-चार थेंब पाणी टाकून चिखलासारखं करायचं, पार विरघळू द्यायचं नाही, मग ते झाकण आणि मीटर एका झिपवाल्या पिशवीत बंद करून दिवसभर ठेवायचं. त्या पिशवीत ओलावा ७५ टक्क्यांवर जाऊन थांबतो, मिठाचा गुणच तो. आमचं मीटर ५० वरच. म्हणजे ते कधी चालतच नव्हतं. डिजिटल आणलं, दांडीवाला सेन्सर पेटीत आणि आकडा बाहेर, त्यानं पहिल्याच दुपारी १९ दाखवले.

आता कूलरचं. कूलर ओल्या तट्टीतून हवा ओढतो म्हणून खोलीत ओलावा येतो हे बरोबर आहे, आमच्या खोलीत दुपारी ५५ पर्यंत जातो. पण सापाच्या पेटीत एक बाजू उबदार आणि एक थंड ठेवावी लागते, तिच्यावर सरळ झोत मारला तर उबदार बाजू, जी २९-३१ डिग्री पाहिजे, ती थंड पडते, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, लाइट गेली की तासाभरात खोली परत भट्टी. हवेचं गणित असं आहे की २५ डिग्रीला ६० टक्के ओलावा असलेली हवा, पाण्याचा एक थेंब कमी न करता नुसती ४० पर्यंत तापवली, की आकडा २६ वर येतो, कारण गरम हवेला जास्त पाणी धरता येतं आणि टक्के म्हणजे त्यातलं किती धरलं ते. म्हणून पारा न बघता टक्के वाचण्यात काही अर्थ नाही. आणि पाणी शिंपडायचं म्हणाल तर पेटीत अंथरलेला वरचा भुसा तासाभरात कोरडा आणि खालचा ओलाच राहतो, त्याला बुरशी.

माझा उपाय फुटक्या माठाचा आहे. मागच्या वर्षीच्या माठाचं अर्धं खापर घेतलं, कडा घासल्या, पालथं घातलं, खाली भिजवून पिळलेलं नारळाच्या शेंड्यांचं कोकोपीट. खापर पाणी धरून ठेवतं आणि आतून गार राहतं. बाकी पेटी कोरडी, हा एकच कोपरा ओला, कणसाला कात टाकायची असली की ते आपणहून दोन-दोन दिवस तिथं जाऊन बसतं, बाकी वेळ बाहेर. सोबत पाण्याचं पसरट भांडं मोठं केलं आणि जाळीच्या झाकणाचा अर्धा भाग झाकला. पोरगा म्हणे अमेरिकेत असंच करतात, फक्त प्लास्टिकचा डबा वापरतात. वापरू दे.

पण हेच सगळं मी पावसाळ्यात पण चालू ठेवलं आणि तिथं फसली. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरची हवा स्वतःच चिंब, बरणीतलं मीठ पाझरून राहिलं आहे आणि मी शहाणी रोज तो कोपरा भिजवून राहिली आहे. मीटर ८५. पोटाच्या खवल्यांवर लालसर फोड आले, श्वास घेताना नाकाशी बुडबुडे, मग डॉक्टर, इंजेक्शनं, तीन आठवडे. कोरड्यानं कात अडकते ते निदान दिसतं तरी, ओल्यानं फुप्फुस जातं ते लवकर दिसत नाही, मला तर हे जास्त भीतीचं वाटतं. आता मीठ ओलं व्हायला लागलं की मी खापर काढून घेते, भांडं लहान करून थंड बाजूला सरकवते, झाकण पूर्ण मोकळं, आणि भुसा काढून खाली कागद अंथरते, रोज बदलते. तो कागद म्हणजे तुमचाच पेपर आहे, राग मानू नका, वाचून झाल्यावरच अंथरते.

आणि वाचते म्हणूनच विचारते, हवामानाच्या चौकटीत कमाल आणि किमान तापमान एवढ्या मोठ्या अक्षरात येतं, ४५ झालं की पहिल्या पानावर पण येतं, मग आर्द्रता काऊन गायब झाली? आधी यायची, मला चांगलं आठवतं. सोनेगावला विमानतळाजवळ वेधशाळा आहे, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच अशी दोन वेळा आर्द्रतेची नोंद होते, नवीन काही मोजायचं नाही, दोन आकडे छापायचे. दोन्ही पाहिजेत, कारण उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळमध्ये खूप फरक असतो आणि एकच छापला तर माझ्या गोल मीटरसारखं होईल. साप पाळणारे शहरात किती असतील मला माहीत नाही, पण कुरडया-पापड घालणाऱ्या, दमेकरी, आणि कूलर लावूनही चिकचिक काऊन होते म्हणून मेकॅनिकला बोलावणारे, हे तर घरोघरी आहेत.

आणि पुढच्या वेळी प्राण्यांचं पान कराल तेव्हा ती शेवटची ओळ तेवढी काढा. सापाच्या अंगावर पाणी शिंपडायचं नसतं. या एप्रिलची कात अखंड निघाली, डोळ्यांच्या दोन्ही काचांसकट, तीन फुटांच्या वर भरली. फोटो पाहिजे असेल तर पाठवते, कात मात्र मिळणार नाही, ती सासूबाईंनी पैसा टिकतो म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवली आहे.

आपली एक वाचक,
मानेवाडा, नागपूर