काचमाशाला सुई टोचू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नातीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने शहरातल्या एका दुकानातून सहा मासे आणले. बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर झगझगीत गुलाबी आणि हिरवे पट्टे. दुकानदाराने सांगितले होते, परदेशी जात आहे, पाण्यात मीठ घालत जा. रात्री टाकीची काच पुसताना मी जवळून पाहिले आणि हात तिथेच थांबला. पट्टे सोडून उरलेल्या अंगातून माशाचा कणा, त्याचा एकेक काटा मोजता येत होता. हा परदेशी कुठला? हा तर आमचा काचमासा!

माझे लहानपण कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीत गेले. पंचगंगेचा पूर ओसरला की कडेच्या डबक्यांत आम्ही पोरे पंचा धरून मासे पकडायचो. काचमासा ओंजळीत घेतला की त्याच्या अंगातून तळहाताच्या रेषा दिसायच्या. पोटाजवळ तेवढी चांदीची पुडी, आतडी-काळीज सगळे तिच्यात गुंडाळलेले. पुढे उद्यमनगरात लेथवर चाळीस वर्षे मापाची कामे केली, पण तसली सफाई कुठे पाहिली नाही.

१८२२ मध्ये हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांसोबत याचे वर्णन केले. हा मासा पाकिस्तानपासून मलेशियापर्यंत आढळतो. आपल्याकडे तो गोड्या पाण्यातला. त्याला संथ पाणी आणि पाण्यातले गवत लागते, मीठ लागत नाही. तो थव्याने राहतो, एकटा ठेवला तर बुजून कोपरा धरतो. अंगच आरपार असल्यामुळे गवतात तरंगत राहिला की शिकारी माशाला मागचे गवतच दिसते. दडायचे हेच त्याचे साधन. पावसाळ्यात वीण होते. बारीक पानांना चिकट अंडी लावतात आणि साधारण दिवसभरात ती फुटतात. तेव्हा नराच्या परांना निळसर कडा येते, आणि मला विचाराल तर तेवढा रंग त्याला पुरे आहे. याचाच एक लांबट भाऊबंद आहे, खालचा जबडा पुढे आलेला. तो दुसऱ्या माशांचे खवले उपटून खातो. आमचा मात्र अळ्या, किडे आणि पाण्यातले बारीक जीव खातो. डासांच्या अळ्याही त्यात आल्या.

आता त्या पट्ट्यांविषयी. ते जन्मजात नसतात. सुईने कातडीखाली रंग भरलेला असतो, आणि एकाच माशाला बरेचदा टोचावे लागते. या माशाची जाडी ती काय, आणि त्याच्यापुढे सुई केवढी! टोचण्यात कित्येक मरतात, उरलेल्यांना जखमांमधून रोग लागतो आणि काही महिन्यांत रंगही फिका पडतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, असे म्हटले आहे. त्यात मासाही आला.

आमच्याकडचे दोन मासे आठवड्यात गेले. नात दोन दिवस जेवली नाही. राहिलेले चार दुकानातल्या डब्यातल्या खाद्याला तोंड लावत नव्हते. मग कुंडीखालच्या ताटलीत साठलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या आम्ही चहाच्या गाळणीने काढून टाकीत घातल्या. दोन मिनिटांत एकही शिल्लक राहिली नाही!

कोल्हापुरातल्या मासे विकणाऱ्या सर्व बंधूंना हात जोडून विनंती आहे की रंग टोचलेला माल ठेवू नका. नातवंडांसाठी मासे घेणाऱ्यांनीही असा मासा दिसला तर घेऊ नये, आणि का घेत नाही ते दुकानदाराला तोंडावर सांगावे. ज्यांनी आधीच घेतले आहेत त्यांनी ते घरीच सांभाळावेत. दया म्हणून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नयेत, कारण टाकीतला रोग तिथल्या माशांना लागेल.

आपला,
एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर