पॉलिश पेपर पाठवू का?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, माझे आकडे जुळतच नाहीत, पीएचडी सोडावीशी वाटते." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी सुटले. म्हणून हे पत्र.

माझ्या तिसऱ्या वर्षी माझी पेस्ट पातळ झाली होती. म्हणजे रिओमीटर, आपलं दाटपणा मोजायचं यंत्र, तसं म्हणत होता. डब्यात चमचा उभा राहील इतकी दाट, आणि यंत्रात घातली की ताक! मला वाटलं, नवीन काहीतरी हाती लागलं. पेपर लिहून पाठवलासुद्धा. मग एका संध्याकाळी सहज यंत्राच्या ज्या दोन तबकड्यांमध्ये पेस्ट ठेवतात त्यांच्यातलं अंतर कमी केलं, तर पेस्ट आणखी पातळ. पदार्थाचा दाटपणा त्याचा स्वतःचा. फटीवर तो का ठरावा? माझी पेस्ट वाहतच नव्हती. गुळगुळीत तबकडीलगत पाण्याचा थर सुटत होता आणि अख्खा गोळा त्यावरून घसरत होता, तेल लावलेल्या परातीत कणकेचा घसरतो तसा. तबकड्यांना पॉलिश पेपर चिकटवला आणि माझा शोध संपला. पेपर मागे घेतला. गाईड आठवडाभर बोलले नाहीत.

आइन्स्टाइनचा पीएचडीचा प्रबंध साखरेच्या पाण्यावरचा, १९०५चा. द्रवात कण मिसळले की तो किती दाट होतो, याचं सूत्र त्यात आहे. कणांनी व्यापलेल्या भागाला त्याने १ने गुणलं होतं. पुढे पॅरिसला पेरँ या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत मोजलं, तर जुळेना. आइन्स्टाइनने आपल्या सहकाऱ्याला, लुडविग होप्फला, गणित तपासायला सांगितलं, चूक सापडली, आणि १९११ साली १चे २.५ झाले. ज्या वर्षी सापेक्षता लिहिली त्याच वर्षीचं हे गणित, बरं का! आपण आज जे २.५ डोळे मिटून वापरतो, ते असं आलंय.

तुझे आकडे खाली येताहेत की वर जाताहेत, ते तू सांगितलंच नाहीस. खाली येत असतील तर आधी फट बदलून बघ. हळूहळू वर चढत असतील तर नमुना कडेने सुकत असेल. कडेला तेलाचं बोट फिरव.

आजी विचारत होती, "मनूपण तुझ्यासारखी टूथपेस्टवरच काम करते का?" मी हो म्हटलं.

दिवाळीचं पार्सल सोमवारी निघेल. चकल्यांबरोबर पॉलिश पेपर टाकते. कितव्या नंबरचा हवा, कळव.

तुझी,
आई