जॅकेट घेण्याआधी एवढे वाच

ठाणे, १२ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड आणि सप्टेंबरअखेर हिमालयातले हर की दून, हा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. दुकानात पाहिलेल्या दोन पावसाळी जॅकेटांच्या चिठ्ठ्या तू उतरवून पाठवल्या आहेस. एकावर ५,००० मिलिमीटर, दुसऱ्यावर २०,०००, आणि किमतीतही जवळजवळ तेवढाच फरक. ‘यातले कोणते घेऊ?’ एवढेच तू विचारले आहेस, पण त्याचे उत्तर एका ओळीत देणे मला योग्य वाटत नाही, कारण या आकड्यांनी मीही एकदा फसलो होतो आणि त्याची किंमत भर पावसात डोंगरावर मोजली होती.

आधी तो आकडा कशाचा हे सांगतो. प्रयोगशाळेत कापड ताणून धरतात, त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि कापडाच्या दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब दिसू लागले की त्या वेळचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत नोंदवतात. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंचीचा स्तंभ. विहिरीत दहा मीटर खोल बुडी मारणाऱ्याच्या अंगावर पाण्याचा जेवढा भार येतो, तेवढा तो आहे. आभाळातून पडणाऱ्या सरीला एवढा दाब कधीच नसतो. तो येतो सॅकच्या पट्ट्यांखाली, खांद्यांवर, आणि ओल्या कातळावर बसलास तर बैठकीखाली. म्हणून सह्याद्रीसाठी आठ ते दहा हजार मिलिमीटरचे कापड मला पुरेसे वाटते. पाच हजारांचे नवे असताना चालते, पण खांद्यापाशी लवकर हार मानते. वीस हजारांचे जॅकेट दहा हजारांच्या दुप्पट कोरडे ठेवते असे मात्र मुळीच नाही. पाणी एकदा अडले की अडले.

आता माझी हकिकत. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही बारीहून कळसूबाईला चढलो. अंगात नवे, चांगल्या किमतीचे जॅकेट होते, आणि लोखंडी शिड्या ओलांडून वर पोहोचेपर्यंत आतला शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. जॅकेट गळते आहे याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. मी ते घेऊन दुकानात गेलो आणि बरेच बोललो. दुकानदाराने शांतपणे बाहीचे टोक बांधले, तिच्यात तांब्याभर पाणी ओतले आणि ती टांगून ठेवली. पंधरा मिनिटांनी बाहेरून हात फिरवला तर बाही कोरडी ठणठणीत होती. शर्ट भिजवणारे पाणी पावसाचे नव्हते, माझ्याच घामाचे होते. त्या दिवसापासून जॅकेट हातात घेतले की मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की आतले पाणी बाहेर कसे जाणार?

चिठ्ठीवर त्याचाही एक आकडा असतो. एका चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते, त्याचा. १०,००० ग्रॅम ऐकायला भरपूर वाटते, पण तासाचा हिशेब केलास तर ते चारशे ग्रॅमांच्या थोडे वर भरतात, आणि जॅकेटचे कापड साधारण एक-दीड चौरस मीटर. खड्या चढावर पाठीवर सॅक घेऊन चालणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. शिवाय सॅकखालची पाठ झाकलेलीच असते, तिथून काहीच बाहेर पडत नाही.

खरी गोम याहून खोल आहे आणि ती आपल्या पावसाळ्याची आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बॉब गोर यांनी तापलेल्या टेफ्लॉनच्या कांडीला एकदम हिसका देऊन ताणले आणि त्यातून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार झाला. त्यापासून केलेले गोअर-टेक्सचे कापड १९७६ मध्ये बाजारात आले. ती छिद्रे पाण्याच्या थेंबाला फार लहान आणि वाफेच्या कणाला पुरेशी मोठी असतात. युक्ती अफलातून आहे यात शंका नाही. पण वाफ त्या छिद्रांतून आपणहून बाहेर धावत नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती जाते. समज, अंगाजवळची हवा चौतीस अंशांची आणि घामाने तुडुंब आहे. बाहेर पाच अंशांची थंडी असेल तर हा फरक भरपूर मिळतो. बाहेर आपल्याकडच्यासारखे चोवीस अंश आणि दाट धुके असेल तर तोच फरक जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे तेच जॅकेट, तोच आकडा, पण थंड मुलखात ते जेवढा श्वास घेते त्याच्या निम्माच आषाढातल्या हरिश्चंद्रगडावर घेते. हा दोष जॅकेटचा नाही, पण तो हिशेबात धरला नाही तर आपले पैसे भलत्या ठिकाणी जातात.

म्हणून सह्याद्रीसाठी मी कापडापेक्षा वाऱ्याची वाट अधिक महत्त्वाची मानतो. काखेत उघडणारी चेन असलेले जॅकेट घे. चांगली वीतभर लांब, आणि सॅक पाठीवर असताना एका हाताने उघडता येईल अशी. चढ सुरू झाला की ती पूर्ण उघडायची, माथ्यावर वारा लागला की मिटायची. छातीवरच्या खिशांना आतून जाळी असेल तर तेही उघडे ठेवून हवा घेता येते. तू लहानपणी आजोळी आवणीच्या दिवसांत बायकांच्या पाठीवरचे इरले पाहिले आहेसच. बांबूच्या कामट्यांवर पळसाची पाने अंथरून केलेले ते इरले डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाऊस अडवते आणि पुढून, खालून, बाजूंनी सगळे मोकळे असते. दिवसभर वाकून भात लावणाऱ्या बाईला त्यात घुसमटायला होत नाही. वाफ कोंडायचीच नाही, हा त्यातला विचार मला कुठल्याही पापुद्र्याइतकाच शहाणपणाचा वाटतो. काखेतली चेन हे त्याच विचाराचे आजचे रूप आहे.

मग तू म्हणशील, भिजायचेच असेल तर जॅकेट हवे कशाला? याचे उत्तर मला हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याने दिले. एका जुलैत आमच्या गटातला एक जण सुती टी-शर्ट आणि जीन्स घालून आला होता. बरोबर जॅकेट नव्हते, एक प्लॅस्टिकचा पाँचो होता, तो वाटेतल्या करवंदीच्या जाळीत फाटला. कड्यावर पोहोचलो तेव्हा थंडी अशी नव्हतीच, वीस अंशांच्या आसपास असेल, पण वारा उभे राहू देत नव्हता. अर्ध्या तासात त्याचे दात वाजू लागले, मग बोटांना बुटाची नाडी बांधता येईना, आणि मग तो विचारलेल्याचे उत्तर उशिरा आणि तुटक देऊ लागला. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून नेते, आणि ओल्या कपड्यांवरून वारा वाहू लागला की बाष्पीभवनाने उरलीसुरली ऊबही जाते. आम्ही त्याला आडोशाच्या गुहेत नेले, ओले कपडे काढून कोरडे घातले, मध्ये बसवले आणि गोड गरम चहा घोटघोट पाजला. तासाभराने तो सावरला. त्याचा तो पांढराफटक चेहरा मी विसरलेलो नाही, आणि हे पत्र एवढे लांबण्याचे कारणही तेच आहे. सह्याद्रीत जॅकेटने तुला अगदी कोरडे ठेवावे अशी अपेक्षा धरू नकोस. वाऱ्याला अंगाशी येऊ न देणे आणि थंड पाण्याची संततधार अडवणे, एवढे त्याने केले तरी आतला ओलावा अंगाच्या उबेने कोमट राहतो आणि माणूस चालत राहतो. आत सुती काही घालू नकोस. पटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट घाल, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या तळाशी ठेव. पिशवीत ठेवायला कधीही विसरू नकोस. सॅकवरचे आवरण वाऱ्यात उडते आणि पाठीकडून पाणी शिरतेच.

आपल्याकडे पावसाळी जॅकेटाला सर्रास विंडचीटर म्हणतात, त्यामुळे दुकानात गफलत होते. विंडचीटर वारा अडवतो, रिमझिम सोसतो, मुसळधार पावसाला टिकत नाही. ओळखायचे कसे? जॅकेट उलटे कर आणि शिवणी पाहा. सुई गेली तिथे भोक पडलेच, म्हणून प्रत्येक शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असली पाहिजे. काही जॅकेटांत ती फक्त खांद्यांवर आणि टोपीवर असते आणि चिठ्ठीवर मात्र मोठ्या अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असते. काख, बाह्या, खिशांच्या कडा या सगळीकडे बोट फिरवून बघ.

आतल्या थराबद्दलही एक कटू अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या जॅकेटला आतून पापुद्र्याऐवजी पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा लेप होता. पाच पावसाळे वापरून मी ते घडी घालून कपाटाच्या तळाशी ठेवले, आणि दीड वर्षाने काढले तेव्हा आतला लेप चिकट होऊन पापडासारखा सुटत होता. हवेतला दमटपणा हा लेप हळूहळू तोडतो, आणि आपल्या ठाण्या-मुंबईच्या हवेत ते लवकर घडते. लेपाचे जॅकेट वाईट असे मी म्हणत नाही, हलके आणि स्वस्त असते, पण ते हँगरला, हवेशीर जागी टांगून ठेवायचे, पूर्ण वाळल्याशिवाय कधीच घडी करायची नाही. तू पाहिलेल्यांतले पाच हजार मिलिमीटरचे जॅकेट आतून सुटी जाळी लावलेले आहे. त्या जाळीत घाम साचून राहतो आणि ती अंगाला चिकटते, म्हणून मला ते पसंत नाही. बाहेरचे कापड, पापुद्रा आणि अस्तर असे तीन थर एकत्र चिकटवलेले कापड थोडे जड आणि महाग असते, पण सॅकचे घर्षण तेच सर्वांत जास्त वर्षे सोसते.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. नव्या जॅकेटवर पाणी मोत्यांसारखे घरंगळते, ते आतल्या पापुद्र्यामुळे नव्हे, तर बाहेरच्या कापडावरच्या पाणी झटकणाऱ्या लेपामुळे. सॅकचे पट्टे, चिखल, घाम, चुलीचा धूर यांनी तो लेप मरतो. मग बाहेरचे कापड पाणी पिऊन जड आणि थंड पडते, त्यातून वाफ जाईनाशी होते आणि आपण जॅकेट गळते असे समजतो. उपाय घरातच आहे. सौम्य द्रव साबणाने धुवायचे, फॅब्रिक कंडिशनर अजिबात वापरायचा नाही, दोन-तीनदा खळबळून साबण पूर्ण काढायचा, आणि वाळल्यावर निगेची चिठ्ठी परवानगी देत असेल तर वरून सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवायची. उबेने तो लेप पुन्हा जागा होतो. हे लेप पूर्वी फ्लोरिनच्या अशा रसायनांचे असत, जी निसर्गात मोडत नाहीत आणि नद्या-ओढ्यांत साठत राहतात. आता बऱ्याच कंपन्या ती सोडत आहेत. नवे लेप तेलकटपणापुढे थोडे दुबळे आहेत, धुणे जास्त वेळा लागते, पण ज्या झऱ्याचे पाणी आपण ओंजळीने पितो त्यासाठी एवढे करायला माझी आनंदाने तयारी आहे.

आता हर की दूनबद्दल. तिथे सुमारे साडेतीन हजार मीटरवर सप्टेंबरअखेर पाऊस थोडा, पण आला तर थंडगार, आणि रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. वर सांगितलेला वाफेचा हिशेब तिथे तुझ्या बाजूने असेल, म्हणजे चांगला पापुद्रा तिथे खरोखर कामाला येतो. म्हणून जॅकेट एकच घ्यायचे तर तीन थरांचे, दहा हजार मिलिमीटरच्या पुढचे, काखेत चेन असलेले घे, आणि आत फ्लीसचे, म्हणजे मऊ उबदार कृत्रिम कापडाचे, किंवा पिसांचे जॅकेट मावेल एवढे सैल. तू पाठवलेल्या दोन्हींत काखेची चेन नाही, म्हणून माझ्या मते दोन्ही सोडून दे. वीस हजार मिलिमीटरचे महागडे तर नक्कीच, कारण ते अंगाला घट्ट बसते असे तूच लिहिले आहेस. एवढे पैसे आत्ता नसतील तर हरिश्चंद्रगडासाठी माझे जुने जॅकेट घेऊन जा, आणि नवे सप्टेंबरपर्यंत सावकाश शोधू.

टोपीचे मात्र दुकानातच पाहून घे. डोके डावीउजवीकडे वळवले की टोपीही वळली पाहिजे, नाहीतर निसरड्या वाटेवर तुला बाजूचे काहीच दिसणार नाही. पुढे कडक झाप हवी, म्हणजे चष्म्यावर पाणी येत नाही. दोन्ही हात वर केलेस तर कंबर उघडी पडता कामा नये, आणि कमरेचा पट्टा बांधल्यावरही खिसे हाताला लागले पाहिजेत.

येत्या रविवारी सकाळी आपली सॅक सामान भरून घेऊन ये. आपण दोघे दुकानात जाऊ, ती पाठीवर चढवूनच जॅकेटे घालून पाहू, आणि परत आल्यावर इथे नळाखाली माझ्या जुन्या जॅकेटचीही परीक्षा घेऊ. जेवायला इथेच थांब.

वहिनींना नमस्कार, चिमुरडीला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
जिवलग मित्र