आरोपीला हजेरीमाफी, पंचाला वॉरंट: विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी एका बाजारपेठेच्या गावात इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान चालवतो. कोणत्या पक्षाचा नाही, मोर्चाबिर्चात कधी गेलो नाही, वीजबिल आणि जीएसटी वेळेवर भरतो. आपल्याला वेळ कमी असतो याची जाणीव आहे, म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो.

गेल्या मंगळवारी, आमच्याकडच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत दोन पोलीस दुकानात आले आणि माझ्या नावाचं जामीनपात्र वॉरंट काउंटरवर ठेवलं. समोर गिऱ्हाईक शेतीपंपाचा स्टार्टर बघत उभं होतं. "शेठ, ठाण्यात यावं लागेल, येताना जामीनदार घेऊन या," असं त्यांनी चांगलं मोठ्यानं सांगितलं. गिऱ्हाइकानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि स्टार्टर समोरच्या दुकानातून घेतला. पोलिसांबरोबर निघताना मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी काय केलं होतं? मी सरकार पक्षाचा पंच, म्हणजे पोलिसांच्या जप्तीचा साक्षीदार आहे, एवढंच.

काही वर्षांपूर्वी पोलिसांनी माझ्या दुकानासमोर गुटख्याचा टेम्पो पकडला. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि तिची मुदत सरकारच दर वर्षी वाढवत असतं, हे आपण जाणताच. फौजदारांनी हाक मारली, "शेठ, पंच म्हणून जरा या, पाच मिनिटांचं काम आहे." नाही म्हणायची सोय नसते. त्या भागातले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून घ्यावेत असं कायदा सांगतो, आणि लेखी आदेश देऊनही सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो गुन्हा, असंही तोच कायदा सांगतो. पाच मिनिटांची दुपार झाली. गोण्या मोजल्या, नमुने काढले, पुडक्यांना दोरा गुंडाळला, मेणबत्तीवर लाख वितळवून शिक्के मारले आणि आम्हा दोघा पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या वर डकवल्या. डिंक संपला तेव्हा उरलेल्या चिठ्ठ्या माझ्या दुकानातल्या इन्सुलेशन टेपने चिकटवल्या. ती टेप आजही मुद्देमालात असेल. तिचे पैसे मी मागत नाही.

मग समन्स यायला लागली. तालुक्याचं कोर्ट आमच्या गावापासून एसटीने दीड तास. दुकान बंद ठेवायचं, साडेदहाच्या ठोक्याला हजर व्हायचं. व्हरांड्यात बाकडं एकच, त्यावर आरोपी आणि त्याचे पाहुणे आधीच ऐसपैस. पुकारा कधी होईल याचा नेम नसल्यामुळे चहाला जायची चोरी, आणि लघवीला जायचं तर जागा शोधायची. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात, कधी सरकारी वकिलांकडे कागद नाहीत. कधी तपासी अंमलदार बंदोबस्तावर. एकदा सगळे होते, पण मुद्देमालच आला नव्हता. उन्हं कलल्यावर पट्टेवाला सांगतो, "पंच, तुम्ही जा आता, तारीख पडली." आपण आलो होतो याची नोंद कुठे झाली का, असं विचारलं तर क्लार्क चष्म्यावरून बघतो. आरोपी मात्र जाता जाता विचारतो, "काय शेठ, धंदा कसा काय?" आमची आता चांगली ओळख झाली आहे. न्यायव्यवस्थेने मला एवढं तरी दिलं.

त्या कोर्टाच्या जिन्याचे कोपरे आपण एकदा येऊन पाहावेत. खालपासून वरपर्यंत लाल. ज्या मालाच्या साक्षीसाठी मी वर्षानुवर्षं तिथे बसतो, तोच माल फाटकाबाहेरच्या टपरीवर मिळतो, आणि माझ्या खटल्याला आलेली माणसं तिथूनच घेऊन खातात. त्या टपरीचा पंचनामा करायला मात्र कुणाला पंच मिळत नसावेत.

आता ज्या तारखेला मी गेलो नाही तिच्याबद्दल. आदल्या संध्याकाळी समन्सवाल्या हवालदारांचा फोन आला, उद्या कोर्ट आहे म्हणून. हातात कागद नाही, कशावर सही नाही. मी सांगितलं की उद्या नाशिकला सासऱ्यांचा दहावा आहे, सगळे जमलेत, मी इथेच आहे. "ठीक आहे शेठ, मी सांगतो साहेबांना," म्हणाले. काय सांगितलं ते नंतर कळलं: समन्स मिळूनही साक्षीदार गैरहजर. आम्ही गोदावरीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होतो, तेव्हा तिकडे माझ्या नावाचा पुकारा चालला होता. त्या दिवशी म्हणे आरोपीसुद्धा आला नव्हता. त्याच्या वकिलांनी हजेरीमाफीचा अर्ज दिला, कारण लिहिलं तब्येत बरी नाही, अर्ज मंजूर. त्याच रोजनाम्यात खाली माझं वॉरंट.

मंत्रिमहोदय, हे पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच. गुटखा ज्याच्याकडे सापडला त्याच्यासाठी अर्ज आहे. ज्याच्यासमोर सापडला त्याच्यासाठी पोलीस आहेत. साहेब नसले, वकील नसले, अंमलदार नसला, तर तारीख पडते. पंच एकदा नसला तर वॉरंट निघतं. आजवर माझ्या जेवढ्या खेपा फुकट गेल्या त्यातल्या एकीबद्दल तरी कुणाला कारणे दाखवा नोटीस गेली आहे का?

वॉरंट रद्द करून घ्यायला काय लागतं याची कल्पना आपल्याला असायचं कारण नाही. आधी ठाण्यात जामीनदार. माझा मेहुणा शेतातलं पाणी सोडून सातबारा घेऊन धावला, बापाच्या दहाव्याला महिना उलटला नव्हता त्याच्या. मग कोर्टात अर्ज, त्यावर स्टँप, आणि अर्ज द्यायला वकील. सरकारच्या बाजूने साक्ष द्यायला मी पदरचे पैसे घालून वकील लावला! साहेबांनी समज देऊन वॉरंट रद्द केलं, ते तसे सज्जन वाटले. त्याच दिवशी धीर करून नाझरांकडे, म्हणजे कोर्टातला पैशांचा व्यवहार बघणाऱ्यांकडे, साक्षीदार भत्त्याचं विचारलं. ते म्हणाले, ग्रँट आलेली नाही. कधी येईल? ते मुंबईला विचारा. म्हणून मुंबईला विचारतो आहे.

घरचं सांगू नये, पण सांगतो. मुलीला बघायला पुढच्या आठवड्यात पाहुणे यायचे होते. त्यांचा निरोप आला, सध्या थोडं थांबू. कारण कुणी सांगितलं नाही, विचारायची गरजही नव्हती, आमच्या गावात पोलिसांच्या जीपमागे बातमी चालत नाही, पुढे धावते. पत्नीचं बीपी वाढलं आहे. ती म्हणते, "त्या दिवशी शटर खाली ओढून बसला असता तर काय बिघडलं असतं?" समोरच्या दुकानदाराने नेमकं तेच केलं होतं. टेम्पो थांबलेला दिसताच शटर खाली. आज स्टार्टर तोच विकतो आहे. यातून बाजारपेठेने कोणता धडा घ्यायचा?

आपण म्हणाल, न्यायालयं स्वतंत्र आहेत, ती उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत, शासन हस्तक्षेप करू शकत नाही. हे उत्तर मला पाठ आहे. वॉरंट कोर्टाचं असेल; ते घेऊन आलेले पोलीस सरकारचे, चुकीचा रिपोर्ट लिहिणारे हवालदार सरकारचे, कागद नसलेले सरकारी वकील सरकारचे, न आलेली ग्रँट सरकारची. आणि खटला कुणाच्या नावाने चालतो? महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुकतमुक. माझं नाव त्यात कुठेच नाही, हेलपाटे तेवढे माझे.

बरं, हे दुखणं आजचं नाही. २००० साली स्वरण सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच लिहून ठेवलं आहे की साक्षीदार दिवसभर ताटकळतो, मग त्याला कळतं की तारीख पडली, आणि त्याचा खर्चही त्याला वेळेवर मिळत नाही. साक्षीदार हजर असताना त्याची साक्ष न घेता सुनावणी पुढे ढकलू नये, ढकलायचीच तर खास कारण लिहावं, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०९ मध्ये होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३४६ मध्ये आहे. ते कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते दुसरं: समन्स मिळून न येणाऱ्या साक्षीदाराला जागच्या जागी करायचा दंड जुन्या कायद्यात १०० रुपयांपर्यंत होता, नव्यात ५०० केला. शिवाय न्याय संहितेचं कलम २०८ वेगळंच, सहा महिने कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड. म्हणजे महागाई सरकारला कळते, फक्त भत्त्याच्या बाजूने कळत नाही.

१ जुलै २०२४ ला तिन्ही नवे कायदे लागू झाले तेव्हा काय जाहिराती होत्या! समन्स मोबाइलवर येणार, साक्ष व्हिडिओवर होणार, झडती-जप्तीचं चित्रीकरण होणार, दोनपेक्षा जास्त तहकुबी नाही. माझा खटला जुना, त्यामुळे जुन्याच कायद्याने चालणार असं वकील सांगतात. म्हणजे आम्ही जुन्या चाळीतले भाडेकरू, नवी लिफ्ट आमच्यासाठी नाही. ई-कोर्ट्सचं ॲप आहे माझ्याकडे, खटल्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. त्या तारखेला काम चालणार का, साहेब रजेवर तर नाहीत ना, हे दिसत नाही. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मंजूर केली. मला आरोपीपासून काही धोका नाही, तो फार अदबीने वागतो. मला तारखेपासून संरक्षण हवं आहे.

देशात पाच कोटींच्या आसपास खटले पडून आहेत, आपल्या राज्यातल्या जिल्हा-तालुका कोर्टांत पन्नास लाखांच्या वर. निम्मे फौजदारी धरा, दर खटल्याला दोन पंच धरा, पन्नास लाख पंच झाले. चेक न वटल्याचे खटले वजा करा (त्यांत पंच नसतो), मेलेले पंच वजा करा, तरी एखाद्या मोठ्या शहराएवढी माणसं या राज्यात पुकाऱ्याची वाट बघत असावीत. हिशेब दुकानदारी आहे, चुकला असेल तर आपल्या खात्याने सुधारून द्यावा. विधी आयोगाने १९८७ साली सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश लागतील. आज मंजूर पदं धरली तरी एकवीस-बावीसवर गाडं आहे. मधल्या काळात किती सरकारं आली आणि गेली, प्रत्येकाने न्याय तुमच्या दारी आणला. माझ्या दारी तो वॉरंट घेऊन आला.

आणि गैरहजेरीचाच विषय निघाला आहे तर विचारतो. विधानसभेत संबंधित मंत्री जागेवर नाहीत म्हणून लक्षवेधी पुढे ढकलल्याच्या बातम्या आम्ही दर अधिवेशनात वाचतो. तिथेही पुकाराच असतो ना? मग बंगल्यावर जामीनदार मागायला कोण जातं?

माझी पुतणी न्यू जर्सीला असते. तिकडे सामान्य माणसाला ज्युरी म्हणून बोलावतात. आपल्याकडेही होती ती पद्धत. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या नऊ ज्युरींपैकी आठांनी आरोपीला निर्दोष म्हटलं आणि न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयात पाठवलं, हे जुन्या लोकांना आठवत असेल. १९७३ च्या संहितेत ज्युरी उरली नाही. तर पुतणीची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि तारीख हुकली. दंड तिकडेही आहे, पाचशे डॉलरपर्यंत. तिने कोर्टाला कळवलं, त्यांनी दुसरी तारीख दिली, विषय संपला. भत्ता पहिले तीन दिवस रोज पाच डॉलर, म्हणजे हात आखडता तिकडेही आहेच. पण तो मिळतो, आणि कुणी ग्रँटची गोष्ट सांगत नाही. माझं ऐकून ती फोनवर हसली. मला हसू आलं नाही.

मागणं फार नाही. तारखेला काम चालणार नसेल तर आदल्या संध्याकाळी साक्षीदाराला एसएमएस करा. वीज जाणार असली की महावितरणसुद्धा करतं. हवालदाराचा फोन म्हणजे समन्स धरू नका. आरोपीला आहे तसा हजेरीमाफीचा छापील अर्ज पंचालाही ठेवा, वकिलाशिवाय देता येईल असा. भत्ता त्याच दिवशी, त्याच खिडकीवर द्या. आणि व्हरांड्यात साक्षीदारांसाठी वेगळं बाकडं टाका, आरोपीच्या मांडीला मांडी लावून बसायला लावू नका.

एक तातडीचं राहिलं. माझं वॉरंट कोर्टात रद्द झालं आहे, पण रद्द झाल्याचं पत्र ठाण्यात पोचलेलं नाही. काल विचारायला गेलो तर रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे अजून 'प्रलंबित' आहे. अंमलदार म्हणाले, "पत्र येईपर्यंत आमच्या लेखी तुम्ही हवेच आहात." पुढच्या मंगळवारी पुन्हा बाजार आहे. तेवढं पत्र त्याआधी पोचतं करावं. या पत्राला उत्तर द्यायचं मनात आलंच तर ते टपालाने पाठवावं, पोलिसांच्या हाती नको.

आपला,
सरकार पक्षाचा एक पंच