सिस्टर, तुम्ही स्वतः पलंगावर आडव्या झालात

सिस्टर, नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर "गप चहा पी" म्हणाल, म्हणून लिहिते आहे. नाव लिहीत नाही. खारीगावात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

दिघ्याची कंपनी बंद पडली तेव्हा माझ्या हाताला १२ वर्षांच्या पॅकिंगची सवय होती, दुसरं काही येत नव्हतं. म्हातारी माणसं सांभाळायचं काम ठाण्यात हवं तेवढं, असं सगळेच सांगत होते. एका ब्युरोने नाव नोंदवायचे २,००० रुपये घेतले आणि दीड महिना "उद्या फोन करतो" ऐकवलं. मग एकदम २४ तासांची ड्युटी, अंथरुणाला खिळलेल्या आजी. तिसऱ्या दिवशी मी त्यांना दंडाला धरून उठवायला गेले, त्या कळवळल्या, आणि मुलाने मला पिशवीसकट बाहेर काढलं. त्याचा राग नाही, आई होती त्याची. राग आहे तो "अनुभवी बाई" म्हणून मला पाठवणाऱ्याचा.

घरी परतून आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात रडत बसले होते. तुम्ही काय झालं ते ऐकलंत आणि म्हणालात, "वर ये."

वाटलं, पाणी द्याल. तुम्ही पदर खोचलात आणि पलंगावर आडव्या झालात! "माझी उजवी बाजू गेलीय समज. मी जराही मदत करणार नाही. वळव मला." सत्तरीच्या बाई, जन्मभर वॉर्ड सांभाळलेल्या. मी घाबरत उजवा हात ओढला. "ओढू नकोस, खांदा जाईल. पलीकडचा गुडघा वाकव. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि घे तुझ्याकडे." तिसऱ्यांदा जमलं. तशाच कुशीवर पडून तुम्ही दाखवलंत, टाच कुठे टेकते, माकडहाडाला कुठे रग लागते, दर दोन तासांनी कूस का बदलायची.

मग मला झोपवलंत आणि न सांगता वळवलंत. क्षणभर वाटलं, पडले! "हे लक्षात ठेव," म्हणालात, "पेशंटला दर वेळी असंच वाटतं. आधी सांगायचं."

शिकवणारी माणसं पुष्कळ भेटली, सगळी खुर्चीत बसून.

नौपाड्यातलं काम तुमच्याच शब्दावर मिळालं. नऊ महिने झाले, आजोबांच्या पाठीवर एक जखम नाही. वळवण्याआधी मी म्हणते, "आजोबा, इकडे येतोय हं आपण." बोलता येत नाही त्यांना. डावा हात माझ्या मनगटावर ठेवतात, की मी समजते, तयार आहेत.

परवा त्या ब्युरोचा फोन आला होता. अनुभवी बाई हवी म्हणे. म्हटलं, आधी माझे दोन हजार द्या. फोनच ठेवला मेल्याने.

रविवारी येते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची